'अनफिट' म्हणजे नेमकं काय? घरात सगळे नालायक असाच अर्थ लावूलालेत

खानापूरची पोरगी

नमस्कार सगळ्यांना, एका इंग्रजी शब्दाबद्दल विचारायचं आहे, डिक्शनरीतला अर्थ नको कारण तो मी बघितलो आहे आणि त्यानंच जास्त घोळ झालाय. आमचा भाऊ अग्निवीरची ऑनलाइन लेखी परीक्षा पास झाला, रॅलीत पळायचं झालं, बीम म्हणजे दांड्याला लोंबकळून अंग वर खेचायचं ते झालं, उंची छाती सगळं मापात बसलं, आणि मेडिकलला कानात मळ आहे म्हणून कागदावर 'टेम्पररी अनफिट' लिहून दिलेत. आता घरात प्रत्येकजण त्या शब्दाचा आपापला अर्थ लावूलालाय. शेजारचे काका म्हणाले अनफिट म्हणजे नालायक, आजीला कुणीतरी सांगितलं पोरगं कायमचं बाद झालं, आणि एक पाहुणे तर म्हणाले की एकदा सरकारी कागदावर हा शब्द पडला की पुढं पोलीस भरतीला गेला तरी तिथं हेच काढून दाखवतात. भाऊ कुणाशी बोलेना, जेवायला बस म्हटलं तर उठून शेताकडं जातोय.

मी बीए करतो, इंग्रजी विषय आहे, खरं मला घरच्यांना पटेल असं सांगता येईना झालंय. डिक्शनरीत अनफिटच्या पुढं अयोग्य, अपात्र, नालायक, अक्षम, गैर असं सगळं एकाच ओळीत लिहिलंय, मग त्यातलं कुठलं कुठं लागतंय ते कसं ओळखायचं. आणि इंग्रजीत तरी एकच शब्द आहे काय, अनफिट, अनसूटेबल, इनएलिजिबल, डिसक्वालिफाइड, इनॲप्रोप्रिएट, हे सगळे सारखेच की वेगळे? आणखी एक, भावाची तयारी करून घेणारे ॲकॅडमीचे सर बैलहोंगलकडचे आहेत, त्यांना मराठी येत नाही, त्यांना मेसेज कन्नडमध्ये लिहायचा आहे, तिथं मी 'अयोग्य' हाच शब्द लिहिणार होतो. चालतंय काय? जाणकारांनी सविस्तर सांगा, घरात वाचून दाखवणार आहे.

माजी सैनिक, बेळगाव कॅम्प

पोरी, आधी भावाला सांग की कागद नीट वाच. त्याच्यावर दोन शब्द आहेत, टेम्पररी आणि अनफिट, तुमच्या घरात सगळे दुसराच वाचूलालेत. मी इथल्या मराठा सेंटरमध्येच, म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीच्या ट्रेनिंग केंद्रात भरती झालो, तिथंच ट्रेनिंग केलो, पुढं इन्फंट्रीत नोकरी करून पेन्शन आलो, त्यामुळं हा शब्द मी आयुष्यभर ऐकलोय.

कानात मळ असला की डॉक्टरला कानाचा पडदा दिसत नाही. पडद्याला भोक आहे काय, कान वाहतोय काय हे बघितल्याशिवाय कुठलाच आर्मीचा डॉक्टर फिट लिहून सही करणार नाही, आणि का करावी, उद्या तोच पोरगा फायरिंग रेंजवर उभा राहणार आहे. म्हणून तो लिहितो की आज, या अवस्थेत, मी ह्याला घेऊ शकत नाही. एवढाच त्या शब्दाचा अर्थ. तुमच्या भावाचं रक्त, हाड, हिंमत याच्याबद्दल त्या डॉक्टरनं काहीही म्हटलेलं नाही. आता करायचं काय तर कान नाक घशाच्या डॉक्टरकडं जाऊन मळ काढून घ्यायचा, घरात काडी, पिन, तेल असलं काही घालू नका कारण पडद्याला लागलं तर टेम्पररीचं खरोखर परमनंट होऊन बसेल. आणि कागदावर रिव्ह्यूसाठी कुठल्या हॉस्पिटलला, कुठल्या तारखेपर्यंत जायचं ते दिलेलं असतंय, ती तारीख चुकवायची नाही. तारीख गेली तर मग कुणाचंच काही चालत नाही.

परमनंट अनफिट म्हणजे असा दोष जो आर्मीच्या मापाप्रमाणं दुरुस्त होण्यासारखा नाही, उदाहरणार्थ रंग नीट न ओळखणं. तिथंसुद्धा माणूस वाईट ठरत नाही, फक्त त्या नोकरीत त्याला घेता येत नाही.

आता तुम्हाला एक सांगतो जे बाहेरच्या लोकांना माहीत नसतंय. आर्मीत आत गेल्यावरसुद्धा प्रत्येक जवानाची मेडिकल कॅटेगरी असते, तिला शेप म्हणतात. मन, कान, हातपाय, शरीराची एकूण ताकद आणि डोळे, अशी पाच अंगं, प्रत्येकाला वेगळा नंबर. सगळीकडं एक असेल तर शेप वन. आता एखाद्याला फुप्फुसाचा त्रास झाला तर त्याच्या कागदावर हाय अल्टिट्यूडसाठी अनफिट असं पडतं. तो जवान तसाच युनिटमध्ये असतो, ड्यूटी करतो, पगार घेतो, त्याला फक्त उंच बर्फाच्या पोस्टवर पाठवत नाहीत. म्हणजे अनफिट असूनही तो पूर्ण सैनिक आहे की. आमच्यात असल्या माणसाला कुणी खालच्या नजरेनं बघितलेलं मी बघितलो नाही.

पोलीस भरतीचं त्या पाहुण्यांनी जे सांगितलं ते डोक्यातून काढून टाका. प्रत्येक भरतीची मेडिकल वेगळी होते, मापं वेगळी, डॉक्टर वेगळे. त्या दिवशी कान स्वच्छ असला की झालं.

आणि घाबरण्यासारखा शब्द विचारशील तर तो अनफिट नव्हे, अनबिकमिंग आहे. आर्मी ॲक्ट १९५० च्या कलम ४५ मध्ये तो आहे, अधिकाऱ्यांना आणि जेसीओंना, म्हणजे सुभेदार वगैरे हुद्द्यांना लागू होतो, म्हणजे आपल्या हुद्द्याला न शोभणारं वागणं. तिथं मात्र माणसाच्या वागण्यावरच बोट असतं आणि त्याच्यात नोकरी जाऊ शकते.

निपाणीचे सर

माजी सैनिक साहेबांनी अगदी मुळावर बोट ठेवलंय. मी इंग्रजी शिकवतो, म्हणून भाषेच्या अंगानं जरा सविस्तर लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

इंग्रजीत फिट या विशेषणाचा जुना अर्थ धट्टाकट्टा असा नाहीच. जुना अर्थ 'एखाद्या गोष्टीला जुळणारा, त्या कामाला बसणारा'. आपण मराठीत झाकण फिट्ट बसलं म्हणतो ना, तो अर्थ मूळचा. तब्येतीचा अर्थ, म्हणजे व्यायाम करणारा माणूस फिट, हा बराच नंतरचा. म्हणून अनफिट म्हणजे न जुळणारा. एका डब्याचं झाकण दुसऱ्या डब्याला बसलं नाही म्हणून झाकण फुटकं ठरत नाही, तेवढंच या शब्दात आहे. (आणि फिट येणे, म्हणजे आकडी, हा तर वेगळाच शब्द आहे, स्पेलिंग एक असलं तरी. मुलं दोन्ही एकत्र करतात म्हणून सांगितलं.)

डार्विनच्या नावावर जे वाक्य सगळ्यांना पाठ असतंय, सर्व्हायव्हल ऑफ द फिटेस्ट, ते मुळात हर्बर्ट स्पेन्सरनं १८६४ मध्ये वापरलं आणि डार्विननं आपल्या पुस्तकाच्या १८६९ च्या पाचव्या आवृत्तीत घेतलं. आमच्याकडं त्याचा अर्थ बळी तो कान पिळी असा सांगतात, वर्गातसुद्धा सांगतात, आणि तो चुकीचा आहे. तिथं फिटेस्ट म्हणजे सगळ्यात ताकदवान नव्हे, त्या त्या परिस्थितीला सगळ्यात जास्त जुळलेला. वाळवंटातलं काटेरी खुरटं झुडूप तिथं फिट, आणि जांबोटीच्या जंगलातला उंच जांभूळ तिथं अनफिट. तोच जांभूळ जांबोटीत राजा आहे.

आता वापर. या शब्दाच्या मागं जवळजवळ नेहमी 'फॉर' किंवा 'टू' येतो. नाम आलं तर फॉर, क्रियापद आलं तर टू. पाणी अनफिट फॉर ड्रिंकिंग, माल अनफिट फॉर ह्यूमन कन्झम्प्शन, घर अनफिट फॉर हॅबिटेशन, ड्रायव्हर अनफिट टू ड्राइव्ह. कोर्टात आरोपी अनफिट टू स्टँड ट्रायल असतो, म्हणजे खटला समजून घेऊन आपली बाजू मांडण्याच्या मानसिक अवस्थेत तो आत्ता नाही. तो दोषी आहे की निर्दोष, याच्याशी त्या शब्दाचा संबंधच नाही. मागं फॉर नसताना नुसतं अनफिट दोनच ठिकाणी सरळ चालतं, एक खेळात, म्हणजे दुखापतीमुळं खेळाडू मॅचला नाही, आणि दुसरं बोलताना, जिना चढून दम लागला की इंग्रज माणूस स्वतःलाच म्हणतो मी फार अनफिट झालोय.

तिसरा एक वापर आहे तो मुद्दाम सांगतो कारण तुमच्या घरी जे दुखणं चाललंय त्याचं मूळ तिथं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी काही शिकल्या सवरल्या लोकांनी हा फॉर काढून टाकला आणि माणसांचेच दोन ढीग केले, फिट आणि अनफिट. गाल्टननं १८८३ मध्ये त्या विचाराला युजेनिक्स असं नाव दिलं. अमेरिकेत त्यावरून कायदे झाले, आणि १९२७ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं बक विरुद्ध बेल या खटल्यात एका तरुण बाईची सक्तीची नसबंदी कायदेशीर ठरवली, त्या निकालात अनफिट हाच शब्द आहे. पुढं हिटलरच्या जर्मनीत त्याच विचारानं काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे. कशासाठी अनफिट हे न सांगता माणसाला अनफिट म्हणायला लागलं की तो शब्द कामाचा राहत नाही, माणसाच्या अंगाला चिकटतो. म्हणून आज चांगलं इंग्रजी लिहिणारा माणूस कुणाबद्दल नुसतं 'ही इज अनफिट' लिहिताना दहा वेळा विचार करतो. तुमच्या शेजारच्या काकांनी नेमका तोच फॉर काढून टाकलाय. नालायक या शब्दात सुद्धा लायक आहेच, कशाच्या लायक हे विचारायला जागा होती, खरं आपण ती कधीच बुजवून टाकली आणि आता ती नुसती शिवी उरलीय.

बाकीचे शब्द थोडक्यात. अनसूटेबल मधला सूट लॅटिनमधल्या 'मागोमाग जाणे' या क्रियापदावरून आला, कपड्याचा सूट पण तोच, एकमेकांसोबत जाणारे कपडे. म्हणून अनसूटेबल म्हणजे सोबत न जाणारं, मेळ न बसणारं, आणि हा शब्द अनफिटपेक्षा बराच मऊ आहे. इनॲप्रोप्रिएट हा वेळ, जागा आणि नातं बघून वापरायचा शब्द, मराठीत अनुचित किंवा सरळ 'शोभत नाही'. मयताच्या घरी मोठ्यानं गाणी लावणं इनॲप्रोप्रिएट, अनफिट नव्हे. इनॅप्ट आणि इनेप्ट दोन्ही एकाच लॅटिन शब्दातून आले, पहिला म्हणजे प्रसंगाला न लागू होणारं, दुसरा म्हणजे हातात कसब नसलेला. मिसफिट आधी अंगाला न बसणाऱ्या कपड्यासाठी होता, नंतर माणसासाठी आला.

खानापूरची पोरगी

काका, सर, दोघांनाही मनापासून धन्यवाद. काकांचं आजीला वाचून दाखवलो, हाय अल्टिट्यूडचं ऐकून आजी म्हणाली मग तो जवान घरी येतो काय रजेवर, येतो म्हटलं, मग बरं आहे म्हणाली. भाऊ पण पलीकडं उभारून ऐकत होता. उद्या कानाच्या डॉक्टरकडं बेळगावला जातोय.

अनसूटेबल मऊ आहे म्हणालात ते नीट कळलं नाही, नोकरीवरून काढताना पण हाच शब्द लिहितात असं ऐकलोय, मग तो मऊ कसा?

निवृत्त शिरस्तेदार, वडगाव

याचं उत्तर मी देतो, कोर्टात आयुष्य गेलं.

तो शब्द मऊ आहे म्हणूनच नोकरीवरून कमी करताना लिहितात. सरकारी नोकरीत माणूस आधी प्रोबेशनवर, म्हणजे परीक्षेच्या काळात असतो. त्या काळात त्याचं काम जमलं नाही तर साहेब लिहितात की या पदासाठी अनसूटेबल आढळला, सेवा समाप्त. यात ठपका नाही. तो माणूस दुसरीकडं अर्ज करू शकतो, लावतो, नोकरी लागते. पण तेच पत्रात पैसे खाल्ले, दारू पिऊन आला, खोटं बोलला असं काही लिहिलं की ती शिक्षा झाली, आणि मग घटनेच्या कलम ३११ प्रमाणं चौकशी करून, त्याचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय काढता येत नाही. सुप्रीम कोर्टानं १९५७ च्या परशोत्तमलाल धिंग्रा खटल्यात हा फरक मांडला आणि नंतरचे निकाल त्याच रस्त्यानं गेलेत. वकील लोक तासन्‌तास याच्यावर भांडतात की पत्रातला शब्द साधा आहे की ठपक्याचा, आणि कोर्ट नुसता शब्द बघत नाही, शब्दामागं खरं कारण काय होतं ते पण उकरून बघतं. म्हणजे साहेबानं मऊ शब्द लिहून आत शिक्षाच लपवली असेल तर ते टिकत नाही. मला या फरकाचा फार आदर आहे. एका तरुण माणसाचं पुढचं सगळं आयुष्य त्या एका ओळीवर असतं, आणि कायद्यानं ती ओळ लिहिणाऱ्याच्या मर्जीवर सोडलेली नाही.

आता इनएलिजिबल आणि डिसक्वालिफाइड. लोक दोन्हीला अपात्र म्हणून मोकळे होतात, फरक मोठा आहे. इनएलिजिबल म्हणजे अटच पुरी होत नाही, वय जास्त, शिक्षण कमी, उत्पन्न मर्यादेच्या वर. दारातून आतच घेतलेलं नाही. डिसक्वालिफाइड म्हणजे आत होता, हक्क होता, आणि काही कारणानं तो काढून घेतला. आपल्या बेळगाव जिल्ह्यातलंच उदाहरण आहे की. जुलै २०१९ मध्ये विधानसभेच्या स्पीकरनी कर्नाटकातले सतरा आमदार पक्षांतरबंदी कायद्याखाली डिसक्वालिफाय केले, त्यात गोकाक, अथणी आणि कागवाड हे तीन मतदारसंघ आपले. स्पीकरनी असंही म्हटलेलं की विधानसभेची मुदत संपेपर्यंत यांना उभारता येणार नाही. नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की डिसक्वालिफाय केलं ते बरोबर, पण निवडणूक लढवायला बंदी घालायचा अधिकार स्पीकरना नाही. ५ डिसेंबरला पोटनिवडणूक झाली आणि तिन्ही ठिकाणी तेच परत निवडून आले. म्हणजे कायद्यानं ते डिसक्वालिफाइड झाले होते, पण इनएलिजिबल नव्हते, आणि लोकांच्या मते अनफिट तर नव्हतेच. पक्ष कुठला, बरोबर की चूक, त्यात मला जायचं नाही, शब्दांचा फरक कळावा म्हणून सांगितलो.

कन्नड शाळेत शिकलेला, बागलकोट रोड

अक्का, तो मेसेज पाठवलात काय? पाठवला नसाल तर थांबा!!

माझं घर मराठी, शाळा पूर्ण कन्नड, म्हणून दोन्हीकडचं कळतंय. कन्नडमध्ये माणसाला अयोग्य म्हटलं तर ती शिवी आहे. आपल्याकडं अयोग्य म्हणजे बरोबर नाही, नीट नाही, एवढंच, 'ही वेळ अयोग्य आहे' म्हणतो आपण. तिकडं अयोग्य म्हणजे हरामखोर, कुचकामी, भांडणात तोंडावर फेकायचा शब्द. तुम्ही सरांना लिहिणार की माझा भाऊ अयोग्य झाला, ते वाचून त्यांना वाटेल पोरगं काहीतरी भानगड करून आलंय. त्यातून गंमत म्हणजे योग्यते हा कन्नड शब्द चांगला आहे, म्हणजे पात्रता, तिथं काही अडचण नाही. नुसता अयोग्य तेवढा वाईट.

कन्नडमध्ये अशा जागी 'अनर्ह' लिहितात. शिरस्तेदार काकांनी ज्या आमदारांचं सांगितलं त्यांना त्यावेळी सगळ्या कन्नड पेपरात अनर्ह शासकरु असंच छापून यायचं, आणि तिथं परत एक घोटाळा, शासक म्हणजे कन्नडमध्ये आमदार, आपल्या मराठीत शासक म्हणजे राज्य करणारा. तर तुम्ही लिहा 'तात्कालिकवागि अनर्ह', म्हणजे तात्पुरता अपात्र, आणि पुढं कारण लिहा की कानात मळ आहे, काढून घेऊन परत दाखवायचं आहे. किंवा सरळ कन्नड अक्षरात अनफिट लिहा, भरतीची ॲकॅडमी चालवणाऱ्या माणसाला तो शब्द रोजचा आहे. एखादी गोष्ट जुळत नाही, ठीक नाही असं म्हणायचं असेल तर 'सूक्त अल्ल' म्हणतात, तो सभ्य शब्द आहे, खरं तो वस्तू, वेळ, वागणं यांना, भरतीच्या निकालाला नको.

सीमेवर राहून हेच होतंय, शब्द दोन्हीकडं तेच दिसतात, अर्थ बदललेला असतोय, आणि राग येतो माणसाला शब्द वापरणाऱ्याचा. दोन्ही भाषा येणाऱ्यांनी मध्ये पडून सांगितलं पाहिजे असं मला फार वाटतंय.

चिकोडीवाला, केए २३

वर सगळं माणसांचं झालं, आमच्या धंद्यात हा शब्द गाडीला लागतो. आमच्याकडं टेम्पो आहे. कर्नाटकात सगळे एफसी म्हणतात, एफसी संपली, एफसीला गाडी घातलो, म्हणजे फिटनेस सर्टिफिकेट, आणि तेच कागलच्या पलीकडं महाराष्ट्रात गेलं की पासिंग म्हणतात. नवीन मालगाडीला आठ वर्षांपर्यंत दोन दोन वर्षांनी, त्याच्या पुढं दरवर्षी. ब्रेक, लाइट, धूर बघतात, नापास झाली की दुरुस्त करून परत दाखवायची. गाडी भंगारात गेली असं कोणी म्हणत नाही. मग माणसाच्या बाबतीत एवढी घाई का करतात लोक ते मला कळत नाही.

खरं मला वेगळं सांगायचं होतं. आमचे वडील एका सरकारी खात्याची जीप चालवायचे. नोकरीत असतानाच डोळ्याचा आजार होऊन नजर कायमची अधू झाली, अपंगत्वाचं सर्टिफिकेट निघालं, आणि मेडिकलच्या कागदावर आलं अनफिट फॉर ड्रायव्हिंग. घरात आम्ही सगळ्यांनी धरलं की नोकरी गेली. आई रडूलाली होती, वडील म्हणत होते राजीनामा देऊन टाकतो, सन्मानानं तरी बाहेर पडतो. तेव्हा एका ओळखीच्या वकिलांनी कागद बघून सांगितलं की यातला फॉर ड्रायव्हिंग हा भाग वाचा, तेवढ्यासाठीच तुम्ही अनफिट आहात, बाकी टेबलावर बसून करायच्या शंभर कामांना नाही, आणि काही झालं तरी राजीनामा लिहून देऊ नका. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आहे, त्याच्या कलम २० मध्ये लिहिलंय की नोकरीत असताना अपंगत्व आलं तर सरकारी खात्यानं त्या माणसाला काढायचं नाही, पद कमी करायचं नाही. धरलेल्या पदाला तो जमत नसेल तर तेवढ्याच पगाराच्या दुसऱ्या पदावर घ्यायचं, आणि तसं पद नसेल तर पद मिळेपर्यंत किंवा रिटायर होईपर्यंत जादा पद तयार करून त्याच्यावर ठेवायचं. आधीच्या १९९५ च्या कायद्यात पण हे होतं, कलम ४७. वडिलांनी अर्ज केला, ऑफिसमध्ये आवक जावकच्या टेबलावर घेतलं, पगार तोच. रिटायर होईपर्यंत तिथंच होते, आणि टेबलावर त्यांचं काम चांगलं होतं असं लोक अजून सांगतात.

म्हणून हे कुणी वाचत असेल आणि घरात कुणाला असा कागद आला असेल तर घाबरून राजीनामा देऊ नका. आधी कशासाठी अनफिट ते बघा, मग कायदा बघा.

निपाणीचे सर

चिकोडीवाले, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. त्या कलमाचं इंग्रजी मूळ बघितलंत तर तिथं अनफिट नाहीच, 'नॉट सूटेबल फॉर द पोस्ट' असं आहे. कायदा लिहिणाऱ्यांनी शब्द जपून निवडलाय, आणि फॉर सोडलेला नाही.

खानापूरची पोरगी

कन्नड शाळेवाल्या दादांचे तर उपकार झाले, मेसेज लिहून ठेवलो होतो, पाठवायचा राहिला होता. बदलून तात्कालिकवागि अनर्ह लिहून पाठवलो, सरांचा लगेच फोन आला, म्हणाले काळजी करू नका, वॅक्सवाली पोरं दरवर्षी असतात, तोपर्यंत पळायचं बंद करू देऊ नका.

जाता जाता एक, मामाच्या मुलीचा स्कॉलरशिपचा अर्ज परत आलाय, पोर्टलवर इनएलिजिबल दाखवतंय. तिचे मार्क चांगले आहेत, मग शिरस्तेदार काका म्हणाले तसं दारातच कशावरून अडवलं असेल? परत भरता येतंय काय?

निवृत्त शिरस्तेदार, वडगाव

मार्कांचा संबंध नसेल कदाचित. इनएलिजिबल म्हणजे कुठलीतरी अट बसत नाही, बहुतेक वेळा उत्पन्न, जात किंवा कोर्स. आधी त्या योजनेची उत्पन्नाची मर्यादा किती आहे ते बघा आणि अर्जात जोडलेल्या दाखल्यावर आकडा काय आहे तो बघा. दाखल्यावरचा आकडा चुकला असेल तर नाडकचेरीत, म्हणजे दाखले देणाऱ्या महसूल ऑफिसात जाऊन दुरुस्त करून घ्यायचा, मग परत भरता येतो का ते त्या वर्षीच्या तारखेवर आहे. आकडा बरोबर असून मर्यादेच्या वर जात असेल तर ती योजना तिच्यासाठी नाही, दुसरी बघावी लागेल, वेगवेगळ्या खात्यांच्या मर्यादा वेगवेगळ्या असतात. आणि एक नीट बघा, पोर्टलवर इनएलिजिबलच लिहिलंय की रिजेक्टेड लिहिलंय. रिजेक्टेड असेल तर कागद अपुरे असणं, नाव आधारशी न जुळणं असलं पण कारण असतं आणि ते लवकर सुटतं. खाली रिमार्क म्हणून एक ओळ असते, ती जशीच्या तशी इथं टाका, मग सांगतो.